गोमुखी खोलीचं माप

लातूर
गुरुवार

प्रिय बिलकीस,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू आधी हसशील आणि मग घाबरशील, म्हणून पहिल्यांदाच सांगते, आम्ही दोघंही आहोत. फोनवर तू विचारतेस तेव्हा मी "सगळं ठीक" म्हणून ठेवून देते. पोराला, सत्यमलाही पुण्याला तेच सांगते. लिहायला बसलं की तसं ठेवून देता येत नाही.

यांना अर्धांगाचा झटका येऊन सात महिने झाले. डावा पाय थोडा उचलतो, पण टाइल्सवर एकदा घसरल्यापासून हे पलंगाची कड सोडत नव्हते. डॉक्टरांनी गेल्या महिन्यात स्पष्टच सांगितलं, रोज निदान न्हाणीपर्यंत तरी चालले नाहीत तर पुन्हा उठायचे नाहीत. म्हणून यांच्या खोलीत मी ते क्लिकचं फ्लोअरिंग घालायचं ठरवलं. लाकडासारख्या लांब फळ्या असतात, एकीच्या खाचेत दुसरी बसते, जुनी फरशी उखडावी लागत नाही. पायाला गार लागत नाही आणि पाय सटकत नाही.

किती घ्यायचं याचा हिशेब मीच केला. दुकानदार माप घ्यायला माणूस पाठवत होता, मी नको म्हटलं. सिस्टर अ‍ॅग्नेसची गणितं आठवतात तुला? नांदेडच्या त्या तापलेल्या वर्गात आपण दोघी वर्षभर कुणाकुणाच्या खोल्यांना कार्पेट घालत होतो. तुमच्याकडे जानमाज, आमच्याकडे सतरंजी, कार्पेट दोघींनीही पाहिलेलं नव्हतं. तू वहीआडून कुजबुजायचीस, "इत्ता बडा कमरा है तो नौकर नापेगा ना, अपन कायकू?" आणि मी हसले म्हणून उभी राहायचे मी.

तर दारापाशी टेप धरली, रुंदी दहा फूट. लांबी चौदा. एकशे चाळीस. कापाकापीत वाया जातं म्हणून दहा टक्के वर, एकशे चौपन्न. एका बॉक्समध्ये बावीस चौरस फूट येतं, म्हणजे बरोबर सात बॉक्स. उत्तर इतकं नेमकं आलं की मला स्वतःचं कौतुक वाटलं. कितीतरी दिवसांनी वाटलं गं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फळ्या बसवायला आलेला गुंडप्पा मिस्त्री स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा. "अक्का, टेप कुठं धरली होती?" म्हटलं, दारापाशी. "आन् मागं?" मागे धरलीच नव्हती. त्यानं कपाळाला हात लावला. "येणाऱ्या-जाणाऱ्याला तुमीच सांगता की, आमचं घर गोमुखी हाय म्हणून!" खरंच आहे. पुढून अरुंद, मागून रुंद अशी जागा शुभ, आलेली लक्ष्मी परत जात नाही, म्हणून सासऱ्यांनी हट्टानं हा प्लॉट घेतला होता. चाळीस वर्षं मी ही गोष्ट पाहुण्यांना सांगते आहे आणि त्याच घराची खोली चौकोनी धरून मोकळी झाले. सिस्टरच्या गणितातल्या खोल्या कधी तिरप्या नसायच्या. हे बैठकीत खुर्चीवर बसून सगळं ऐकत होते. जड जिभेनं एकच शब्द बोलले, "कॉन्व्हेंट!" आणि हसले. सात महिन्यांत पहिल्यांदा.

मागची भिंत साडेअकरा फूट निघाली. तिरप्या भिंतीकडेची पाचर तशीच राहिली, दारापाशी काहीच नाही आणि मागच्या कोपऱ्यात दीड फूट. न्हाणीचं दार नेमकं त्याच कोपऱ्यात, आणि तिथे फळ्यांची कड जुन्या फरशीहून वर उठलेली. त्या रंगाचा माल दुकानात संपलेला, पंधरा दिवस थांबा म्हणाले. गुंडप्पा जाताना बजावून गेला, "कडंला जपा अक्का, पाय अडकंल."

चार दिवस हे चालले, बिलकीस. माझ्या खांद्यावर हात ठेवून, मोजून अकरा पावलं. कडेपाशी आलो की मी सांगायचे, उचला, आणि हे उचलायचे. पाचव्या दिवशी, रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला, मी सांगायचं विसरले. रात्रीतून दोनदा चादर बदलली होती, चालता चालताच माझे डोळे मिटत होते. यांचा पाय अडकला आणि हे पडले.

फार लागलं नव्हतं. मला एकटीला उचलता येईना. डोक्याखाली उशी दिली, म्हटलं शेजाऱ्यांना बोलावते, आधी क्षणभर दम खाते. भिंतीला टेकून बसले. आता हे खालीच आहेत, आता कुठे पडणार नाहीत, एवढं मनात आलं आणि मला झोप लागली. साडेचारला दूधवाल्या विठाबाईंनी कडी वाजवली तेव्हा जाग आली. हे डोळे उघडे ठेवून छताकडे पाहत होते. कपडे ओले झाले होते. हाक मारली असेल का, किती वेळा, मला माहीत नाही. विठाबाईंनी विचारलं, "कवा पडले वो?" मी म्हटलं, "आत्ताच." डॉक्टरांना फोनवर तेच, सत्यमला तेच. हे प्रत्येक वेळी ऐकत होते. त्या दिवसापासून यांनी पाऊल खाली टाकलेलं नाही. मी हात पुढे केला की भिंतीकडे तोंड करतात.

तुमच्या नांदेडातल्या एका दुकानात तोच रंग आहे, मी फोन करून विचारलं. एक बॉक्स हवा. तो ट्रान्सपोर्टनं येईल, त्यासाठी तुला पत्र लिहायची गरज नव्हती. तू ये. शहेबाजला म्हणावं, आईला आठ दिवस लातूरला सोड. तू आलीस की मी तुला यांच्या पलंगाशी बसवेन आणि रविवारी काय झालं ते सगळं सांगेन, यांना ऐकू जाईल असं. एकटीनं यांच्यासमोर तोंड उघडत नाही. तू हे आधी वाचलं आहेस हे तेवढं यांना कळू देऊ नकोस. पहिल्यांदाच ऐकते आहेस असं ऐक, आणि मला रागाव.

तुझीच,
गंगा