साहेबांचा एक शब्द

२ मार्च, सोमवार. सकाळी
डॉक्टरीण म्हणाली, तुमच्या बीपीचं कारण तुमचं तोंड. जे बोलायचं ते लिहून काढा. म्हणून ही वही. तिला सांगायला काय जातं!

राष्ट्राध्यक्षांच्या बंगल्यावर इस्त्री करते मी. साहेबांची कॉलर माझ्याशिवाय कुणाला जमत नाही. आज बातमी आली, लाँड्री बंद होणार, काम बाहेरच्या कंपनीला देणार. आम्ही राहतो ते मागचे क्वार्टर्सही रिकामे करायचे. धुणाऱ्या बायका रडारड करत बसल्या. मी नाही. मी साहेबांशी बोलणार. एक शब्द टाकला की काम झालं. तिन्ही सैन्यं ज्याच्या हाताखाली, त्याला एक लाँड्री जड आहे का?

३ मार्च, मंगळवार
भाची आमच्याकडे राहून कायदा शिकते. तिला म्हटलं, साहेबांच्या पॉवर्स वाचून दाखव. बाई गं! फाशी माफ करता येते. संसद बरखास्त करता येते. युद्ध पुकारता येतं. आमचे हे सुद्धा घोरायचे थांबले.

मग भाचीने घाण केली. म्हणाली, पण मावशी, हे सगळं मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने.

म्हटलं, सल्ला तर हेही मला रोज देतात. मी ऐकते का?

म्हणाली, साहेबांना ऐकावाच लागतो.

एवढं शिकून हे डोकं.

५ मार्च, गुरुवार. दुपारी
आज बोलायचंच असं ठरवून शर्ट घेऊन गेले. साहेब सुपाकडे बघत होते. म्हणत होते, यात मीठ नाही. डॉक्टर म्हणाले, नकोच. बाईसाहेब म्हणाल्या, नकोच. सेक्रेटरी म्हणाला, नकोच, सर. साहेब गुपचूप सूप प्यायले.

केवढा मोठा माणूस! असली पॉवर मिठावर घालवत नाही. मोठ्या कामाला राखून ठेवतो.

बोलायचं राहिलं. पण साहेबांनी विचारलं, मिस्टरांचे गुडघे कसे आहेत? हे इथेच माळी होते ना, साहेबांच्या लक्षात आहे. म्हणजे अर्धं काम झालंच.

६ मार्च, शुक्रवार
दिरांनी आमच्यासाठी एक खोली बघितलीय. तळमजल्याची. यांच्या गुडघ्यांना बरी. मालक म्हणतो, लवकर सांगा, माणसं रांगेत आहेत. मी दिरांना ठणकावलं, भावोजी, आम्ही कुठे जातोय? हे काही बोलायला गेले. मी डोळे वटारले.

१० मार्च, मंगळवार. सकाळी
बोलले! साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. यांना जमेल का असं? लगेच सेक्रेटरीला बोलावून सांगितलं, लाँड्रीची फाईल परत पाठवा, म्हणावं फेरविचार करा. सेक्रेटरीचं तोंड बघण्यासारखं झालं.

घरी येऊन भाचीला म्हटलं, बघ. ती म्हणते, मावशी, परत एकदाच पाठवता येते. तीच पुन्हा आली की सही करावीच लागते.

म्हटलं, पुन्हा पाठवायची छाती आहे कुणाची?

१३ मार्च, शुक्रवार
फाईल आली. होती तशी. एक टिंब बदललेलं नाही. भाचीने पुस्तकात तोंड घातलं, पण तिची नजर मला कळते.

तरी साहेबांनी सही केलेली नाही! फाईल टेबलावर पडून आहे. भाची म्हणाली, हीसुद्धा एक रीत आहे, होही म्हणायचं नाही, नाहीही म्हणायचं नाही. म्हटलं, मग? यांनी मोबाईल मागितला की मीही हेच करते.

खोलीच्या मालकाचा फोन आला. सांगून टाकलं, दुसऱ्या कुणाला द्या.

१७ मार्च, मंगळवार
आणखी एक पॉवर सापडली. आणीबाणी. कोट द्यायला गेले तेव्हा म्हटलं, साहेब, जाहीर करून टाका ना. सगळीकडे नको. लाँड्रीपुरती.

साहेब हसले, इतके हसले की ठसका लागला. पाणी द्यावं लागलं. मग म्हणाले, बाई, मला माझी खुर्ची जरा खिडकीजवळ घ्यायचीय. त्याची फाईल दिवाणखान्यातून गेली ती अजून फिरतेय.

मोठी माणसं सरळ बोलत नाहीत. मला खूण कळली. आपलं काम चालू आहे, धीर धरा, असं सांगत होते.

२० मार्च, शुक्रवार
साहेब परदेश दौऱ्यावर. गाडीत बसताना माझ्याकडे बघून म्हणाले, काळजी करू नका. सगळ्यांच्या देखत! धुणाऱ्या बायका सामान बांधत होत्या, त्यांना म्हटलं, सोडा गाठी. एकीनेही सोडली नाही. माणसाचा शब्द म्हणून काही असतो, हे कळतच नाही या लोकांना.

२५ मार्च, बुधवार
दारावर कागद चिकटवलाय. भाचीने वाचला. क्वार्टर महिनाअखेर खाली करा. वर काय लिहिलंय तर, राष्ट्राध्यक्षांच्या आदेशावरून.

म्हटलं, खोटा आहे. साहेब तर परदेशात.

भाची म्हणाली, मावशी, सरकारचा प्रत्येक आदेश त्यांच्याच नावाने निघतो. त्यांना विचारावं लागत नाही. लाँड्रीच्या फाईलवर सही जायच्या आधी करून गेले असतील, कशावर केली ते त्यांनाही आठवणार नाही.

यांनी खोलीच्या मालकाला फोन लावला. गेली खोली. गुडघ्याला तेल लावत बसले.

३१ मार्च, मंगळवार. संध्याकाळी
दिरांच्या मागच्या व्हरांड्यात. जाऊबाईंनी पडदा लावून दिलाय. वर चढायला पायऱ्या आहेत, हे एकेक पायरी बसून चढले.

सकाळी टेम्पो भरत असताना दौऱ्यावरून परतलेल्या साहेबांची गाडी आली. काच खाली झाली. साहेबांनी विचारलं, बाई, कुठे निघालात? सुट्टीवर?

म्हटलं, तुमच्या आदेशावरून.

साहेबांनी सेक्रेटरीकडे बघितलं. सेक्रेटरीने घड्याळाकडे. काच वर गेली. साहेबांची कॉलर चुरगळलेली होती, नव्या कंपनीची इस्त्री.

टेम्पोत हे पहिल्यांदा बोलले. म्हणाले, तुझ्या साहेबाच्या हातात काही पॉवर नाही.

मला राग आला. नाही कशी? नुसतं नाव टाकलं, आणि पलंग, कपाट, शेगडी, भाचीची पुस्तकं आणि तीन जिवंत माणसं एका सकाळीत रस्त्यावर! यांच्या नावाने कधी साधी रिक्षा तरी थांबली आहे का?