कुकर माझ्याकडे आहे

सुदेशदादा,

कुकर शोधू नकोस, मी घेऊन गेलोय. डाळ भिजत घातलीय.

दुपारी पाहुणा आला. ‘दारूची तलफ’ म्हणायचं नाही, ‘पाहुणा’ म्हणायचं, आणि तो आला की एकट्याने बसायचं नाही, असं तूच भिंतीवर लिहिलंयस. पण खोलीतले तुम्ही तिघं ड्युटीवर. यजमान मी एकटाच.

त्यात आज परेशचा, माझ्या जुन्या पिण्याच्या जोडीदाराचा, वाढदिवस. चारदा फोन आला, “यल्ला, चल लवकर, अल क्वोजला ये, बाटली तुझ्यासाठी थांबलीय.” बाटलीला इतकी माणुसकी मी पहिल्यांदाच बघितली. म्हणून मोबाईल तुझ्या उशीखाली ठेवलाय आणि गेटसमोरच्या बसस्टॉपवर जाऊन बसतोय. कुकर कडेवर घेऊन कुणी पार्टीला जात नाही. निदान आजपर्यंत तरी कुणी गेलेलं नाही.

एवढ्या दुबईत नेमका आपल्याच स्टॉपचा एसी बंद आहे, पण कुकरची काही तक्रार नसेल. अल क्वोजच्या तीन बस मी नक्की सोडीन. चौथीचं सांगता येत नाही.

शिट्टी मुद्दाम ओट्यावर ठेवलीय. आंघोळ नंतर कर, आधी ती घेऊन स्टॉपवर ये.

सर्वेश
(सत्तेचाळिसावा कोरडा दिवस, अजून तरी)