बाबांच्या श्वासातला ऊस

१४ एप्रिल, मंगळ.
बाबांची फुंकायची टेस्ट झाली एकदाची. स्टेशनजवळच्या कलेक्शन सेंटरला. शाळेला सुट्टी, म्हणून लेकीला, इरालाही नेलं (वय नऊ, तोंड अखंड चालू). आधी एका पिशवीत फुंकर, मग औषधाचं पाणी, अर्धा तास थांबून दुसऱ्या पिशवीत फुंकर. औषधातला कार्बन मुद्दाम जड घेतलेला असतो. पोटात अल्सरचा जंतू असेल तर औषध फोडतो आणि जड कार्बन श्वासातून बाहेर पडतो. नसेल तर दोन्ही पिशव्या सारख्या. मधल्या अर्ध्या तासात गाडी दुसरीकडे लावून आले, वेस्टमीडचं पार्किंग म्हणजे रोजचं रडगाणं.

बाबा इथे आमच्याकडे यायच्या आधी पुण्यात अल्सरचा कोर्स झाला, तरी पोट दुखतंच, आणि हा जंतू राहिला तर पुढे कॅन्सरचा धोका. अण्णाकाका पोटाच्या कॅन्सरनेच गेले. बाबांनी सहा महिने त्यांचं सगळं केलं. तेव्हापासून घरात तो शब्द कोणी काढत नाही.

१५ एप्रिल, बुध.
लॅब. दिवसभर चिखल. उत्तरेकडच्या नदीच्या मुखातला, खारफुटीखालचा. त्यात साठलेला कार्बन कुणाचा, एवढाच प्रश्न: खारफुटीच्या पानांचा, वरच्या उसाच्या शेतांतून वाहून आलेला, की समुद्राचा. ऊस, मका, ज्वारी, राजगिरा ही मंडळी हवेतून जड कार्बन जरा जास्त उचलतात, खारफुटी कमी. वरचे थर जड आले. मी खुशाल लिहून टाकलं, ऊस.

हेलन (माझी बॉस, तीस वर्षं चिखलात) म्हणाली, "सीग्रास इज हेवी टू, मेट. मशीन डझन्ट नो हूज इट इज." समुद्रातलं गवतही जड, मान्य. पण पंधरा दिवसांचा पॅरा पाण्यात गेला. आख्खी आरवो (दुपारला इथे हेच म्हणतात) चिडचिड.

१७ एप्रिल, शुक्र.
जीपीचा (इथली फॅमिली डॉक्टर) फोन. बॉर्डरलाइन, रेषेच्या किंचित वर. जंतू बहुतेक आहेच, जास्त स्ट्राँग कोर्स सुरू करू म्हणाली. बाबा "बरं" म्हणाले आणि कोथिंबीर निवडायला बसले. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. फार घाबरलेय.

१८ एप्रिल, शनि.
सकाळी चहात गूळ घालताना हेलनचं वाक्य आठवलं. मशीनला जड कळतं, कुणाचं ते नाही. मग बाबांच्या पिशवीतलं जड तरी औषधाचंच कशावरून?

"बाबा, त्या अर्ध्या तासात काही खाल्लंत?"
"छे."
सोफ्यावरून इरा: "ही हॅड अ लाडू, मम्मा. ही गेव्ह मी हाफ."

राजगिऱ्याचा लाडू! हॅरिस पार्कच्या दुकानातला. राजगिरा जड, वर त्यातला गूळ उसाचा, तोही जड. नुसते चुरमुरे खाल्ले असते तर एवढं झालं नसतं, तांदूळ हलका. शोधूनही याहून जड खाऊ मिळाला नसता.
"उपवासाला चालतो तो," बाबा.
एकादशी अन् दुप्पट खाशी. हसता हसता मी ओट्याला धरून खालीच बसले. कुठल्याशा गावच्या हवेतून उसात, उसातून गुळात, गूळ पाकिटातून समुद्रापलीकडे, बाबांच्या पोटात, तिथून पिशवीत. माझा आख्खा चिखल बाबांनी अर्ध्या तासात करून दाखवला. जीपी पुन्हा टेस्ट करू म्हणाली. आज झोप लागेल.

२० एप्रिल, सोम.
बाबा पाटबंधारे खात्यात होते. कुठलाही कागद पेन्सिल घेऊन वाचतात. हे परवा माझ्या डोक्यातच आलं नाही. टेस्टचं माहितीपत्रक आज त्यांच्या उशाशी दिसलं. 'दोन पिशव्यांच्या मध्ये काहीही खाऊ नये' या ओळीखाली रेघ.

पार्कात फिरताना विचारलं.
"वाचलं होतं. म्हणून तर खाल्ला."
"म्हणजे?"
"बिघडली तर परत करतील. तेवढेच आठ दिवस लांबतं." मग बरंच चालून झाल्यावर, "अण्णाचा रिपोर्ट मीच आणला होता. रिक्षात उघडला."
इतका राग आला होता. तरी त्यांचं कोपर धरून चालले, घरापर्यंत सोडलं नाही.

२१ एप्रिल, मंगळ.
दुसऱ्यांदा टेस्ट. इरा शेजारी. पार्किंगचा दंड झाला तर झाला, अर्धा तास बाबांजवळून हलले नाही. त्यांनी स्वतःच दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. माझ्या कामाबद्दल पहिल्यांदाच नीट विचारलं.
"चिखलात गेलेला कार्बन किती टिकतो?"
"कुणी ढवळला नाही तर शेकडो वर्षं."
"आणि मी आत्ता सोडला तो?"
"तो दाराबाहेर पोचलासुद्धा. एखादं झाड घेईल, नाहीतर समुद्र."
"बरं आहे," म्हणाले. मग नर्सने हाक मारली.

२४ एप्रिल, शुक्र.
निगेटिव्ह. दोन्ही पिशव्या सारख्या. जंतू गेला. तीनदा वाचलं, मग बाबांनी पेन्सिल घेऊन वाचलं. रात्री पिठलं आणि दोन ज्वारीच्या भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी अर्धी इराच्या ताटातली. खांद्यावरून पोतं उतरवल्यासारखं वाटतंय. हेलनला पॅरा सुधारून पाठवला: ऊस की सीग्रास, अजून सांगता येत नाही. तिचं उत्तर: "गुड ऑन या." म्हणजे शाब्बास.

२८ एप्रिल, मंगळ.
जीपीकडे जाऊन आलो. म्हणाली, जंतू गेला ते उत्तमच, पण पोट अजून दुखतं आणि सख्ख्या भावाचा इतिहास आहे, तेव्हा पुण्यात गेल्यावर एकदा पोटात कॅमेरा घालून बघून घ्या. घाई नाही, पण टाळू नका. बाबांचं विमान ९ मेला.

घरी आल्यावर बाबा चष्मा लावून फोनची वही घेऊन आले. पुण्यातल्या क्लिनिकचा नंबर काढून माझ्यापुढे ठेवला.
"तारीख तू घे. मी घेतली तर पुढे ढकलीन."
"आणि त्या तारखेला जाल?"
"घे तर आधी."

इथे सकाळचे अकरा वाजलेत, पुण्यात पहाटेचे साडेसहा. क्लिनिक दहाला उघडतं. बाबा समोर मटार सोलत बसलेत. दोनदा घड्याळ बघून झालं. उठून मात्र गेले नाहीत.