झडतीवाली

सिडनी, टॅलो धक्का
४ जानेवारी १८६४

आले बाई एकदाची स्वतःच्या घरात. मेटलंडला परक्यांची भांडी घासून घासून बोटांची सालं निघाली. आता घासेन ती माझी. लग्नानंतर आठवडाभर लॉरेन्सच्या बहिणीकडे काढला आणि आज सामान हातगाडीवर लादून इथे आलो. धक्क्यावरच्या पोलीस चौकीचे हे मुख्य, आणि चौकीमागच्या दोन खोल्या आमच्या. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे कोठडी. खिडकीतून बघावं तिकडे डोलकाठ्याच डोलकाठ्या. नाताळ होऊन गेला तरी उकाडा असा, की लोणी बशीत टिकत नाही. समोर चरबी वितळवतात, त्याचा वास नाकात बसलाय. हे म्हणाले, सरावतं नाक.

नवऱ्याबद्दल काय लिहू? धिप्पाड आणि शांत, आवाज कधी चढत नाही, दारूला शिवत नाहीत. आयर्लंडात माझ्या आईला कळलं असतं, तर गावभर मिरवली असती.

७ जानेवारी

इथला रिवाज असा, की चौकीच्या मुख्याची बायको तीच झडतीवाली. पकडून आणलेल्या बाईला पुरुषाने हात लावायचा नाही, म्हणून तिचे खिसे, चोळी, बूट, केस सगळं मी तपासायचं. धारेचं, टोकाचं काही निघालं तर ह्यांच्या हाती द्यायचं. हे ते खणात टाकून कुलूप लावतात. किल्ली ह्यांच्या कमरेला.

मला आधी कसंनुसं वाटलं. पण पहिलीच आली ती पेग रॅफ्टर, पिऊन तर्र आणि तोंडाची फाटकी. तिच्या खिशात तंबाखू, दुसऱ्याच कुणाची तरी कवळी आणि चक्क जिवंत खेकडा. म्हणाली, जपून गं पोरी, तुझ्या दादल्यापेक्षा तो बरा आहे. मी हसून हसून बेजार.

दारू उतरली की सकाळी हे बायकांना सोडून देतात. मॅजिस्ट्रेटपुढे न्यायची कटकट कोण करणार. सुऱ्या मात्र लगेच देत नाहीत. दुपारी येऊन न्या म्हणतात, तोवर डोकं थंड होतं. किती समंजस माणूस मिळाला मला.

११ जानेवारी

आज लिझी कोल्टनला आणलं. धक्क्यावर कालवं फोडून विकते. तिच्या सुरीच्या मुठीला लाल सुतळी गुंडाळलेली. देईचना. म्हणाली, घ्या हवी तर, पण सकाळी निघताना द्या. पाण्याकडच्या त्या पायऱ्यांवरून मला एकटीला उतरावं लागतं. माझी झोपमोड झालेली, डोकं फिरलेलं. मनगट पिरगाळून घेतली. हे म्हणाले, शाबास नोरा, तुझ्या हातून काही सुटत नाही. खोटं कशाला बोलू, मी फुशारले.

१३ जानेवारी

लिझी पाण्यात सापडली. चौकीच्या पलीकडे, त्याच पायऱ्यांखाली.

प्रेत धुवायचं कामही झडतीवालीचंच. पोटावर वार होते. मनगटावर माझ्या बोटांचे वळ अजून होते. ते मी दोनदा धुतले. जात नाहीत ते धुऊन.

१४ जानेवारी

चौकशी गुत्त्यात झाली. इथे नेहमी तिथेच होते. मागच्या पडवीत प्रेत, पुढे पंच आणि त्यांचे पेले. पायऱ्यांच्या चिखलात मिळालेली सुरी टेबलावर ठेवली होती. मुठीला लाल सुतळी.

मृत्यूची चौकशी करणारे कोरोनरसाहेब म्हणाले, मयताचीच सुरी, कुणा खलाशाने झटापटीत हिसकावली असणार. सगळ्यांनी माना डोलावल्या. हे उभे राहिले आणि म्हणाले, सोडताना तिची चीजवस्तू तिला परत दिली होती. आवाज नेहमीसारखाच.

परत दिली नव्हती. तिला सोडलं त्या सकाळी मी खिडकीत होते. लिझी रिकाम्या हातांनी उतरली, शिव्या देत. हे कुलूप लावून तिच्या मागोमाग गेले. मला वाटलं, सोबतीला.

मला कुणी काही विचारलं नाही. झडतीवालीला विचारायचं असतं, हे कुणाच्या ध्यानीमनीच नसतं. आणि मी आपणहून उठले नाही.

घरी येऊन बटाटे उकडले. मीठ राहिलं. हे म्हणाले, चालेल.

१८ जानेवारी

भीती वाटते असं लिहायला हवं. वाटत नाही. ह्या उकाड्यात हात गार पडलेत, एवढंच.

पेग मागच्या दारी पाव मागायला आली. तिला विचारलं, आधी झडती कोण घ्यायचं? म्हणाली, म्हातारी गॅनन. ती सुऱ्या स्वतःजवळ ठेवायची आणि सकाळी दारात उभी राहून ज्याची त्याला द्यायची. कुणाच्या बापाला भ्यायची नाही. हिवाळ्यात वारली. मग तुला आणली, आणि खणाला कुलूप आलं. एवढा दांडगा गडी एकाएकी बोहल्यावर का चढला, विचारलंस का कधी त्याला?

पाव दिला. दार लावलं.

२१ जानेवारी

वरच्या साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं, सुतळीसकट. ते म्हणाले, नवी नवरी, त्यात हा उकाडा. घरी जाऊन पडा जरा. आणि म्हणाले, लॉरेन्सशी बोलतो मी.

बोलले असणार. आज रात्री जेवताना तो माझ्याकडे बघून हसला. मला आता त्याला हे म्हणवत नाही.

२३ जानेवारी

हॅना प्रॉक्टर. शिवणकाम करायची. काल तिची कात्री मी काढली— काढली नसती तर त्याने मला— पण मी काढलीच. त्याच्या हाती दिली.

आज पाण्यात.

धुतलं. केस विंचरले. रडू येत नाही.

२५ जानेवारी

दुपारी जोहाना क्विलला आणलं. पाच महिन्यांची गरोदर. पाव चोरला म्हणून. आमच्याच बाजूची, माझ्या आईसारखी बोलते.

मोज्यात सुरी होती. तशीच राहू दिली. आमच्या बोलीत कानात सांगितलं— सकाळी दार उघडलं की सुरी हातात, पायऱ्यांकडे नाही, चढाने पळ, मागे बघू नकोस. ती म्हणाली, आणि तू गं?

तो बाहेर वाट बघत होता. काय निघालं? मी म्हटलं, काही नाही. पुन्हा विचारलं. काही नाही.

एवढी एक तरी सुटू दे.

२६ जानेवारी

सकाळी कोठडीचं दार वाजलं. मग ओरडणं— पुरुषाचं. मग अनवाणी पावलं, चढाच्या बाजूला.

पळाली. मला रडू फुटलं. बसून रडले.

तो आत आला. हाताला रुमाल, भिजलेला. सुटलं एक तुझ्या हातून, म्हणाला. रागावला नाही. चहा मागितला. दिला.

त्याने दोन्ही दारं आतून लावली. खिडकीतून शिपायाला सांगितलं, बायकोला ताप आहे. जोहानाच्या मागे माणूस पाठवू का, शिपायाने विचारलं. हा म्हणाला, आधी घरचं बघतो, मग मीच जातो.

म्हणजे मी जेवढा वेळ काढेन, तेवढी ती लांब.

घरातलं एकेक उचलतोय. पावाची सुरी. कात्री. विणायच्या सुया. केसांतले आकडे स्वतःच्या हाताने काढले, हळू, एक केस न ओढता. खणात टाकतो, परत येतो—

मी काय लिहिते विचारत नाही. मी लिहीत बसते. लिहीन तेवढा वेळ—

चहा संपला त्याचा. आणखी देऊ का म्हटलं. नको म्हणतो—

पेन्सिलीकडे बोट. हिलाही टोक आहे म्हणतो. हात पुढे— थांब म्हटलं, एवढी ओळ— ती आता टेकडीपलीकडे पोचली असेल, नक्की पोचली अस