वरचा आवाज

प्रिय ड्वाइट,

'प्रिय' लिहिलंय ते आईने लावलेल्या सवयीमुळे, एवढं लक्षात ठेव. फोन केला असता तर तू नेहमीसारखा मध्येच बोलत सुटला असतास आणि मी तो आपटला असता. पत्रात मध्ये बोलता येत नाही, तेव्हा आता मुकाट्याने वाच.

परवा चर्चमध्ये गाण्याचा सराव संपला आणि माझ्याकडे शिकणारी एक मुलगी डोळे पुसत फोन घेऊन आली. "मार्जीन, हा तुमचा भाऊ ना हो? काय गायलाय!" पडद्यावर आपल्या रॉलीचा लष्करी गणवेशातला फोटो आणि खाली 'एका सैनिकाचं अखेरचं गाणं'. आपल्या तिघांच्या 'दुपारभर ऊन' या रेकॉर्डला पन्नास वर्षं झाली म्हणून रेकॉर्ड कंपनीने शेवटच्या गाण्यातली गिटार, घंटा, बाकीचे आवाज, सगळं यंत्राने खरवडून काढलंय आणि वरचा आवाज तेवढा उघडा ठेवलाय. त्यापाठोपाठ तू. पांढरा सदरा घालून, समुद्राकडे पाठ करून, डोळ्यांत पाणी आणून सांगतोयस, "हा आवाज ऐकला की धाकटा भाऊ खोलीत आल्यासारखं वाटतं." अरे, तो आवाज माझा आहे! तेव्हा मला वाटलं, हे माहीत असलेले आपण दोघंच उरलोय, आणि दोघांतला एक कॅमेऱ्यासमोर रडतोय. लाज कशी वाटली नाही तुला? हे मागे घे. जाहीरपणे, स्वतःच्या तोंडाने.

आईने आवाज वाटून दिले ते आठवतं? टॉरन्सहून समुद्रावर जाताना, त्या लांबलचक गाडीत, मागच्या सीटवर भांडणं लागली की ती गाणं सुरू करायची. "ड्वाइट खाली, मार्जीन मध्ये, रॉली वर." रॉली दाराएवढा धिप्पाड, आणि गळ्यातून निघायचा तो तारेसारखा बारीक सूर. शाळेतली पोरं त्याला "काय गं रॉली" म्हणून छळायची आणि तो त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसायचा. मी जेवताना त्याची नक्कल करायचे, जबडा खाली सोडून, डोळे वर करून. सगळ्यात जास्त हसायचा तोच.

आणि ती नक्कलच तू वापरलीस. तुझी ती पद्धत, प्रत्येकाने आपली ओळ एकदा गायची आणि मग त्याच गाण्यावर तीच ओळ पुन्हा गाऊन चढवायची, म्हणजे आवाज चमकतो. चमकायचा, नाही कशाला म्हणू. पण त्या हट्टापायी शेवटचं गाणं लांबत गेलं. तुला हवी तशी घंटा सापडत नव्हती म्हणे! तोवर रॉलीला लष्कराचं बोलावणं आलं आणि तो बसमध्ये बसून गेलासुद्धा. मी म्हटलं, वरची जागा रिकामी राहू दे. त्यावर तू म्हणालास, "रिकामी? दात पडल्यासारखं दिसेल ते. तू कर की त्याची नक्कल. परत आला की तो गाईल, मग आपण बदलू." मी जबडा सोडून उभी राहिले आणि गायले, दोनदा. रेकॉर्डच्या वेष्टनावर नाव रॉलीचं छापलं. त्यावरचा फोटो मात्र तो जाण्याआधीच निघाला होता, आपण संत्र्याच्या झाडाखाली दात काढून हसतोय तो. जूनमधलं आपल्याकडचं ते मळभ, उन्हाचा पत्ता नाही. ते ऊन दिव्यांचं आहे, ड्वाइट. त्यावर जग भाळलं.

रॉली व्हिएतनामहून पेटीतून आला. अंत्यविधीच्या प्रार्थनेच्या वेळी आईने तेच गाणं लावायला सांगितलं आणि तू माझा हात असा दाबलास की बोटं कडकड वाजली. "आत्ता नको, मार्जीन. आईला आत्ता नको." त्या 'आत्ता'ला पन्नास वर्षं झाली.

मी गप्प राहिले. टोकियोहून गाण्यांची चाहती पोरं आली, ब्राझीलहून आली, ग्लासगोचा एक दाढीवाला माझ्या ओट्यावर बसून लिंबू सरबत पीत विचारत होता की इतकी निर्मळ, बिनघोर गाणी सुचली कशी. निर्मळ! आज टूथपेस्टच्या जाहिरातीतसुद्धा ते आवाजावर आवाज चढवणं ऐकू येतं. मला त्याचं श्रेय नको होतं आणि आजही नको. पण रॉलीने हे गाणं गायलं नाही, एवढंच नव्हे, तर ऐकलंसुद्धा नाही. आणि त्या गाण्याचं नाव काय, तर 'जेवणापर्यंत घरी'! हे शब्द तू मेलेल्या पोराच्या तोंडी घातलेस आणि वर त्यावर रडलास. म्हणून मी पेटले आहे.

आता आईचं सांगते, कारण पत्र तिच्यासाठी लिहितेय. गुरुवारी लोमिटाच्या वृद्धाश्रमात गेले, तर तिथल्या नर्सने तिला ते आधीच ऐकवलेलं. आई पेअरची जेली खात होती. चमचा खाली न ठेवता म्हणाली, "'घरी' म्हणताना तू अजून मध्येच श्वास तोडतेस. किती वेळा सांगायचं, मार्जीन?" तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. प्रार्थनेच्या वेळीसुद्धा. मग बोलली का नाहीस, असं विचारलं, तर म्हणे, "तुम्ही दोघं माझ्याकडे अशा नजरेने बघत होतात... म्हटलं, आईला कळलं नाही, एवढा तरी पोरांना आधार असू दे." मी गाडीत जाऊन बसले आणि काचा लावून ओरडले. तुझ्या नावाने, माझ्या नावाने, थोडं तिच्याही नावाने.

रविवारी ती चौऱ्याण्णव वर्षांची होतेय. तिला केक नको, फुलं नकोत. तिला आपण दोघं हवे आहोत, गाडीत, पूर्वीसारखे. तेच गाणं, तू खाली, मी मध्ये. "वरचं कोणी गायचं नाही," म्हणाली. "रॉली नाहीये, ते मला एकदा नीट ऐकायचंय." तेव्हा कंपनीला काय सांगायचं ते रविवारच्या आत सांग आणि ये. तुला रिकामी जागा बघवत नाही, गाताना तुझा सूर आपोआप वर सरकायला लागेल, मला माहीत आहे. खबरदार, ड्वाइट, ती जागा भरलीस तर.

तुझीच, मधल्या आवाजाची,
मार्जीन