लांबडी लाल

चिमे,

रोपवाटिकेत आज नवी रोपं उतरणार आहेत, म्हणून तुला न उठवताच निघालो. जेवायला घरीच येतो, भाजी तू टाक.

खिडकीतल्या मिरच्या तोडण्याआधी एवढं वाच. पिवळी गोलमटोल दिसायला गरीब, वास पिकल्या फळासारखा, पण अर्धी खाल्लीस तरी कानातून धूर निघेल. बारकी हिरवी सरळ स्वभावाची आहे. सणकून झोंबते आणि लगेच सोडून देते. लांबडी लाल म्हणजे नुसता तोरा. रंग छान देते, पण तिखटपणात काकडीची बहीण. दरवर्षी एखादं गिऱ्हाईक तिच्यावरून माझ्याशी भांडायला येतंच.

काल डोळे पुसत तू म्हणालीस, "मिरची झोंबली हो, बाबा." फळीवर तर लांबडी लालच चिरलेली होती. मी तेव्हा काही विचारलं नाही, आताही विचारत नाही. तू सासरहून आल्यापासून घरात दोन ताटं मांडली जातात, मी खुशीत आहे. हवं तितकं राहा.

फक्त पुन्हा रडू आलं, तर बारकी हिरवी चिरायला घेत जा. म्हणजे मलाही तुझ्यावर विश्वास ठेवता येईल.

बाबा