सरकारची बोटं शाबूत आहेत

१२ जानेवारी
डाव्या हातानं लिहितेय. अक्षर माझ्या वर्गातल्या दुसरीच्या पोरांसारखं. उजव्याची दोन बोटं गेली, उरलेल्यांत पेन धरवत नाही.
शाळा सुटल्यावर पोलादपूर स्टँडवर आले, तर समोर सुधाकर. माझा चुलत दीर. झऱ्याच्या पाण्याच्या पाइपावरून भांडून ज्यानं माझ्या हातावर कोयता घातला, तो. भजी खात उभा. "काय वैनी, बरी हायस ना?" म्हणाला.
आणि मी समजत होते, हा आत आहे.

१३ जाने.
पोलीस ठाणं. गेल्या आठवड्यातच जामीन झालाय म्हणे. अट एकच, गावात पाऊल ठेवायचं नाही. म्हणून पोलादपुरात बहिणीकडे पाहुणचार.
"मला का नाही कळवलं?"
हवालदार बशीत चहा ओतत होते. "मॅडम, केस सरकार विरुद्ध सुधाकर अशी हाय. तुमचं नाव नाय त्यात."
बरोबर. हात तेवढा माझा.

२६ जाने.
झेंडावंदन. पाहुणे कोण, तर आमच्या गावकीचे अध्यक्ष, आबा. संविधानावर भाषण. 'उद्देशिका' दर वेळी वेगळी उच्चारली. बंधुता, बंधुता करत घसा बसवून घेतला. मग मला बाजूला घेऊन, "सूनबाई, घरातली गोष्ट कोर्टात शोभते का? मागं घे."
म्हटलं, "आबा, केस माझी नाहीच म्हणतात, सरकारची आहे. मी कशी मागे घेऊ?"
त्यांच्या बंधुतेत सुधाकर बसतो. मी नाही.
घरी आल्यावर यांना सांगितलं. "हं," म्हणाले. नवरा म्हणून सोडा. पण कोयता उगारताना पाहणारे हे एकटेच. कोर्टात साक्षीलाही "हं" म्हणणार का?

९ फेब्रु.
सुधाकरची आई नळावर, मला ऐकू जाईल अशा बेतानं: "माझा सुधा शिमग्याला पालखी नाचवायला येतोय गो. वकिलानं अर्ज टाकलाय."
वाडीला ठाऊक. शेजारणींना ठाऊक. मला नाही.

११ फेब्रु.
अर्धी रजा टाकून महाड. सरकारी वकील मोबाइलमधून मान वर न करता: "सणाचा प्रश्न आहे. आमची काही हरकत नाही."
"मला विचारलंत?"
"बाई, तुम्ही साक्षीदार. बोलावू तेव्हा यायचं."
सरकारची कशाला असेल हरकत? सरकारची बोटं शाबूत आहेत.
चवदार तळ्यापाशी डबा खाल्ला. डाव्या हातानं घास घ्यायची अजून लाज वाटते. ओंजळभर पाण्यासाठी इथे माणसांनी मार खाल्ला, आणि मी कोर्टात दोन वाक्यं बोलायला घाबरतेय. स्वतःचीही कीव आली.

१६ फेब्रु.
बोलले!
अर्ज पुकारला. सुधाकरचा वकील झकास बोलला. देवाची पालखी, भाविकाचा अधिकार, घटनेचं कलमसुद्धा. स. वकील अर्धवट उठून, "हरकत नाही." झालंच होतं सगळं. मी मागच्या बाकावरून उठले. "मला हरकत आहे."
शिपाई: "बसा खाली."
न्यायाधीश माझ्याहून लहान बाई. "आपण कोण?"
हात वर केला. दुसरं काय दाखवणार?
त्यांनी स. वकिलांना विचारलं, "यांना कळवलं होतं?" ते कागद चाळू लागले. मग बाई मला म्हणाल्या, "पुढे या. यांना ऐकून घ्यायलाच हवं, तो त्यांचा हक्क आहे."
पुढे गेले. सांगितलं, माझं दार आणि त्याचं दार समोरासमोर. पालखी संपल्यावर तो घरी जाईल, मी कुठे जाऊ?
अर्ज नामंजूर.
परतीच्या एसटीत स्टँड येईस्तोवर रडत होते. कशासाठी, कुणास ठाऊक.

४ मार्च
पालखी आली. अंगण सारवलेलं, रांगोळी, हे नारळ घेऊन उंबऱ्यात. ढोल दारापर्यंत आला आणि पुढे सरकला. पालखी थांबलीच नाही.
हे धावत गेले. आबा म्हणाले, "गावकीचा निर्णय हाय. आमच्या पोराला तुम्ही देवापासून तोडलंत."
ज्यानं बोटं तोडली तो पोर. मी तोडणारी.
हे परत आले, नारळ ओट्यावर ठेवला. "झालं समाधान?"
मी नारळ फोडला, खवला, वाटण केलं. नासवायचा कशाला?

५ मार्च
पुन्हा ठाणं. तेच हवालदार. "देव दारात आला नाय म्हणून गुन्हा नोंदवू?"
"देवावर नको. आबांवर नोंदवा. वाळीत टाकणं गुन्हा आहे, कायदा आहे त्याचा."
"साहेब आले की बघू."
साहेब येईपर्यंत बाकावर बसून राहिले. तक्रार घेतली. पोच मागितली तर हवालदारांनी भीक घातल्यासारखी दिली.

८ जुलै
उद्या आमची साक्ष, दोघांची. संध्याकाळी हे स्वतः शर्टाला इस्त्री करत होते. एरवी कधी हात लावत नाहीत.
"काय सांगणार?"
"विचारतील ते."
"पाहिलंत ते?"
कॉलरवरून इस्त्री फिरत राहिली. मग म्हणाले, "मला याच गावात राहायचंय."
"मला कुठे राहायचंय मग?"
त्यांनी बाही इस्त्रीखाली घेतली. चिडायचीही ताकद नव्हती, पानं वाढली.
स. वकिलांचा फोन येऊन गेला. आधी यांना पिंजऱ्यात घेणार, मग मला. तोवर मी बाहेर व्हरांड्यात थांबायचं. एका साक्षीदारानं दुसऱ्याचं ऐकायचं नसतं म्हणे.
म्हणजे हे उद्या काय बोलतील, ते मला ऐकूच येणार नाही.